तळमजला गाड्यांसाठी आहे

गेले चार महिने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत एक पिवळी मोजटेप असते. खोली बघायला गेलो की मालकाने भाडं सांगायच्या आत मी संडासाचं दार मोजतो. चोवीस इंच. पुढच्या चाळीत बावीस. एकदा अठ्ठावीस निघालं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मालकाला वाटलं मी वास्तुशास्त्रवाला आहे. त्या दाराच्या आत मात्र दोन पायऱ्या चढून इंडियन पद्धतीचं भांडं बसवलेलं होतं. माझ्या आतेभावाची व्हीलचेअर पंचवीस इंच रुंद आहे आणि त्याला कमरेखाली काही जाणवत नाही.

दादा नांदेड जिल्ह्यातला. २०१४ मध्ये चाकणला आला, तेव्हा मी अकरावीत होतो आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीमधले काही पैसे नंतर त्यानेच दिले. हे सांगतोय ते डोळ्यात पाणी आणायला नाही, हिशेब मांडायचा आहे म्हणून. २०२३ च्या पावसाळ्याआधी एका शेडच्या छपरावरचा सिमेंटचा पत्रा बदलताना तो पत्रा फुटला आणि दादा खाली आला. मणक्याला मार. तो ठेकेदाराकडे होता, महिन्याला १४ हजार, हातात रोख. ईएसआयचं कार्ड नव्हतं. कार्ड असतं तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला सरासरी पगाराच्या ९० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १२,६०० रुपये, आयुष्यभर मिळाले असते. ते नव्हतं म्हणून आता त्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली केलेला दावा, जो चालू आहे. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना.

लोक विचारतात, सरकार काही देतं का? देतं. ही योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. बरीच वर्षं महिन्याला ६०० रुपये मिळायचे, २०१९ मध्ये १,००० झाले, २०२३ मध्ये १,५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५००. ही शेवटची वाढ सहज मिळालेली नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते आणि त्यांची मागणी सहा हजारांची होती. सहा हजार ऐकून ज्यांना हसू आलं त्यांनी शेजारी बघावं. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून दिव्यांगांना महिन्याला ६,००० मिळतात, आणि जे पूर्णपणे अंथरुणाला किंवा व्हीलचेअरला खिळलेले आहेत त्यांना १५,०००. आंध्र काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही.

(मी 'दिव्यांग' लिहितोय कारण शासन निर्णयात तसं असतं. दादा स्वतःला अपंग म्हणतो. "दिव्य काय आहे ते मला दाखव, मग म्हणेन," असं त्याचं म्हणणं आहे.)

आता हे अडीच हजार घेऊन पिंपरी-चिंचवडमध्ये घर शोधायला निघू.

चिखली, मोशी, तळवडे, भोसरी, पुलापलीकडे चिंबळी फाटा, कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी. मी सगळीकडे फिरलो. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, सहा खोल्यांत एक संडास, भाडं साडेतीन ते साडेचार हजार. कारखान्यात जाणाऱ्या पोरांसाठी हाच दर आहे, चौघं मिळून राहतात, भागतं. पण दादाला ती खोली फुकट दिली तरी उपयोग नाही. त्याला आत संडास हवा, कमोड हवा, दाराला उंबरा नको, पायरी नको. असं घर म्हणजे इमारतीतलं वन आरके, आणि त्याचा आकडा सात हजारांवरून सुरू होऊन वर जातो. म्हणजे ज्याची कमाई बंद झाली त्यालाच बाजार जवळपास दुप्पट भाडं सांगतो. वाईट हेतूने नाही. स्वस्त खोली ही मुळात धडधाकट शरीर गृहीत धरूनच बांधलेली असते. पाणी खालून भरून आणेल, रात्री अंधारात संडासला जाईल, लोखंडी जिना चढेल, हे सगळं त्या साडेतीन हजारात धरलेलं असतं.

आणि तळमजला कुठे आहे? मी हा प्रश्न आयुष्यात कधी विचारला नव्हता. चाळीत पुढचा तळमजला म्हणजे गाळा: किराणा, मोबाईल रिपेअरिंग, मेस, वेल्डिंग. मागचा तळमजला मालकाचा. खोल्या वर. नव्या इमारतींमध्ये तळमजला नावाची गोष्टच नसते, खांबांवर इमारत आणि खाली पार्किंग. लिफ्ट असते, पण ती बहुतेकदा तीन-चार पायऱ्यांनंतर सुरू होते. मी राहतो त्या सोसायटीत लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या आहेत. तीन वर्षं मी रोज त्या दोनदा चढलो-उतरलो आणि त्या किती आहेत हे मला दादाला उचलून आणलं त्या दिवशी कळलं. ज्या पट्ट्यात देशाच्या निम्म्या ब्रँडच्या गाड्या जुळतात असं आपण अभिमानाने सांगतो, त्या पट्ट्यातल्या घरांचा जमिनीलगतचा मजला गाड्यांसाठीच राखून ठेवलेला आहे.

तू आयटीत आहेस, तुझ्याकडेच का नाही ठेवत त्यांना, हे मला आतापर्यंत निदान वीस जणांनी विचारलंय. ठेवलं होतं. तीन मुलांचा बॅचलर फ्लॅट, दोन महिने. दादा, वहिनी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी एका खोलीत. फ्लॅटमालकाने आधी "राहू द्या की" म्हटलं आणि नंतर "अजून किती दिवस?" विचारलं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्रांना आता घरात चड्डीवर फिरता येईना झालंय. आम्ही बघतो कुठंतरी." पण खरा मुद्दा तो नाहीच. ज्याला आयटीतला मामेभाऊ नाही त्याने काय करायचं? सरकारी धोरण मामेभावाच्या पगारावर उभं राहू शकत नाही.

तर अडीच हजार. भाड्याला तर ते पुरत नाहीतच, पण त्याहून वाईट गोष्ट त्या योजनेच्या अटीत आहे. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. बाराने भागा: महिन्याला ४,१६६ रुपये. म्हणजे ज्या कुटुंबाला मोशीत वन आरकेचं सात हजार भाडं परवडतं ते कुटुंब शासनाच्या लेखी इतकं सुस्थितीत आहे की त्याला पेन्शनची गरज नाही. आणि ज्याला पेन्शन मिळते त्याला ते भाडं परवडूच शकत नाही. घर आणि पेन्शन, दोन्ही एकाच वेळी खऱ्या कागदांवर असणारं कुटुंब या शहरात गणितानेच अशक्य आहे. आमच्या क्षेत्रात असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत जातो. इथे तो वर्षानुवर्षं प्रॉडक्शनवर चालतोय.

वहिनी एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात. साडेनऊ हजार. वर्षाचे १ लाख १४ हजार, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. योजनेचं नावच 'निराधार', आणि दादाला आधार आहे, तो रोज पहाटे साडेचारला उठून बसने जातो. त्या आधाराने काम सोडलं तर दादा पात्र. आमच्याकडच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा आहे ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की सेतू केंद्राबाहेरच्या रांगेत मला ५० हजारांच्या जरासं खाली उत्पन्न असलेली इतकी कुटुंबं भेटली की एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने तिथे येऊन पीएचडी करावी. त्या रांगेतल्या लोकांना खोटारडे म्हणणारे भेटतात. मी म्हणतो, खोटं त्या अटीत आहे. लोक फक्त त्याची नक्कल दाखल करतात.

तुलना करायला लांब जायला नको. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये आली, महिन्याला १,५००, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मला त्या योजनेविषयी काहीच तक्रार नाही, वहिनींना ते पैसे मिळतात आणि त्यातून पोरीच्या रिक्षाचे पैसे जातात. पण एकाच राज्याने, एकाच तिजोरीतून, एका घरातल्या धडधाकट बाईला मदत देताना अडीच लाखांपर्यंतचं कुटुंब गरजू मानायचं आणि त्याच घरातल्या कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला मदत देताना ५० हजारांच्या वर गेलेलं कुटुंब गरजू नाही म्हणायचं, याचं स्पष्टीकरण काय? मी शोधलं. मला एकच सापडलं, आणि ते मतदारयाद्यांशी संबंधित आहे.

बरं, अपंगत्व महाग असतं हे कायद्याला माहीत नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. महाराष्ट्रात त्यानंतरही कित्येक वर्षं निराधार आणि दिव्यांग एकाच रांगेत, एकाच रकमेवर उभे होते. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला, देशात पहिल्यांदा म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि तरीही हे गणित जुळायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. आधीच्या फरकाचं काय, हे कुणी विचारत नाही. मीही इथे फक्त नोंद करून पुढे जातो.

पुढे म्हणजे भाडेकराराकडे. खोली आवडली, भाडं कसंबसं जुळवलं, तरी मालक करार करून देत नाही. "कशाला पाहिजे कागद? राहा की. महिन्याला पैसे द्या, बास." मला या मालकांचा राग येतो आणि येतही नाही. यातले बरेच जण इथले मूळचे शेतकरी. एमआयडीसीला जमीन गेली, उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या, आता तेच त्यांचं शेत. भाडेकरू कागद करून बसला तर उठणार नाही ही भीती त्यांच्या बापजाद्यांपासूनची आहे, कूळकायदा त्या पिढीने बघितलाय. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी एका मालकाला मोबाईलवर दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "साहेब, मग तुम्ही फ्लॅटच घ्या ना."

धडधाकट भाडेकरूला कागद नसला तरी चालून जातं. अपंगाचं अडतं, कारण त्याच्या प्रत्येक हक्काच्या तोंडाशी पत्ता बसलेला आहे. इथल्या पत्त्यावर पेन्शन वर्ग करायची तर रहिवासाचा पुरावा पाहिजे. रहिवासाच्या पुराव्याला भाडेकरार किंवा लाईट बिल पाहिजे. लाईट बिल मालकाच्या नावावर, करार मालक करत नाही. गावचाच पत्ता ठेवला तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला गावाकडच्या कार्यालयाशी दोरी बांधलेली राहते, आणि पडताळणीत कुणी "ते इथं राहत नाहीत" म्हटलं की नाव जायची धास्ती. आधार कार्डाशिवाय या राज्यात निराधार होता येत नाही, हा विनोद मी रांगेत ऐकला. रांगेत कुणी हसलं नाही.

त्यात ही नदी. इंद्रायणीच्या अलीकडे मोशी, महापालिका. पलीकडे चिंबळी, कुरुळी, खेड तालुका, ग्रामपंचायती. पिंपरी-चिंचवड महापालिका स्वतःच्या तिजोरीतून शहरातल्या दिव्यांगांना दरमहा अर्थसहाय्य देते, आणि हे तिने चांगलं केलंय. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम आहे. महापालिका श्रीमंत आहे, तिच्या पाच टक्क्यांतून काहीतरी घडतं. ग्रामपंचायतीचे पाच टक्के म्हणजे काय ते तुम्हीच समजा. आता भाड्याचा नकाशा त्यावर ठेवा. भाडं नदी ओलांडली की उतरतं. मदतही नदी ओलांडली की संपते. जो माणूस भाडं झेपत नाही म्हणून पुलापलीकडे जातो तो त्याच पुलावर महापालिकेची मदत सोडून देतो. आणि मदत टिकवायची म्हणून अलीकडे राहिला तर ती मदत भाड्यातच जाते. मधल्या मध्ये स्वस्त खोल्याही कमी होतायत. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत पत्राशेडं पाडायची एवढी मोठी मोहीम झाली की तिथे काम करून तिथेच आडोशाला राहणारे लोक आजूबाजूला खोल्या शोधत फिरत होते. अनधिकृत होतं, मान्य. त्या लोकांना अधिकृत काय परवडतं, याचा तक्ता कुणाकडे आहे?

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं की मग गावी का जात नाहीत? हे उत्तर देणारे लोक वाईट नसतात, आमची आत्याही तेच म्हणते. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

गावी घर आहे. संडास घरापासून पन्नास पावलांवर आहे, मधे चिखल. मणक्याच्या पेशंटला सगळ्यात जास्त भीती लघवीच्या संसर्गाची आणि पाठीवरच्या जखमेची असते. पिंपरीत वायसीएम आहे, रिक्षाने पोचता येतं. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे गाडी ठरवा, दोन माणसं उचलायला घ्या, दिवस मोडा. नुकसानभरपाईचा दावा इथे चालू आहे आणि तारखेला हजर राहायला लागतं. पोरीची शाळा इथे. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी वहिनींचे साडेनऊ हजार इथे आहेत. गावी पोळ्या लाटून कुणी साडेनऊ हजार देत नाही. म्हणजे 'गावी जा' याचा खरा अर्थ असा की घरातल्या एकमेव कमावत्या माणसाने नोकरी सोडावी, म्हणजे दाखल्यावरचा आकडा आपोआप खरा होईल.

आणि एक विचारतो. दहा वर्षं हा माणूस इथल्या शेडवर चढला, इथल्या कारखान्यांचे पत्रे त्याने बसवले. त्याचं शरीर इथे मोडलं. मग मोडलेलं शरीर नांदेड जिल्ह्याची जबाबदारी कशी? २०१६ च्याच कायद्याचं कलम ५ म्हणतं की दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्याला अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती करता येणार नाही. 'गावी जा' ही सक्तीच आहे, फक्त ती भाड्याच्या पावतीवर लिहिलेली असते. आणि पावतीही कुणी देत नाही.

कारखाना आला की माणसांच्या राहण्याची सोय करावी लागते, हे या शहराला एकेकाळी कळत होतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि तिच्याबरोबर कामगारांची वसाहत आली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण काढलं ते कामगारांना परवडणारी जागा मिळावी म्हणून. त्या 'प्राधिकरणा'त आज बंगल्यांचे भाव काय आहेत ते बघा, आणि २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित झालं. चाकणच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तिथे एमआयडीसीचे टप्पे आले, मोठमोठ्या कंपन्या आल्या, आणि माणसांची सोय गुंठ्यांवरच्या खोल्यांवर सोडली.

आता शासनाच्या घरांकडे येतो, कारण यावर मला "अरे, पाच टक्के आरक्षण आहे की" असं ऐकवतात. आहे. कलम ३७. सरकारी गृहनिर्माण योजनांत पाच टक्के घरं दिव्यांगांसाठी. महापालिकेने पंतप्रधान आवास योजनेत चऱ्होलीला १,४४२, बोऱ्हाडेवाडीला १,२८८ आणि रावेतला ९३४ घरं जाहीर केली, एकूण ३,६६४, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडत काढली. पाच टक्क्यांनी त्यातली साधारण १८३ दिव्यांगांची. रावेतचा प्रकल्प पुढे जागेच्या वादात अडकला, ते सोडा. लाभार्थ्याने भरायचा हिस्सा सहा-सात लाखांच्या आसपास होता. सहाच धरा. अडीच हजार पेन्शन, एक घास न खाता सगळी साठवली तर २४० महिने. वीस वर्षं. कर्ज घ्या म्हणाल, तर पेन्शनच्या पासबुकावर बँक गृहकर्ज देत नाही. मी तीन बँकांत विचारून आलोय, तिन्ही ठिकाणी चहा मिळाला. म्हाडाची चाकणजवळ म्हाळुंग्याला घरं आहेत, मोठ्या बिल्डरांच्या प्रकल्पांतली वीस टक्के घरं म्हाडाच्या सोडतीत येतात, तिथेही आरक्षण आहे. सगळीकडे विकत. आरक्षण आहे ते घर विकत घेण्याच्या रांगेत पुढे उभं राहण्याचं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला रांगेत पुढे उभं करून शासनाला नक्की काय साधायचंय?

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं प्रकरण भाड्याचं आहे आणि आपल्या धोरणात भाडं हा शब्द नाही. पेन्शन ठरवताना भाडं धरलेलं नाही, उत्पन्न मर्यादा ठरवताना धरलेलं नाही, घरं बांधताना धरलेलं नाही. आणि अपंग झालेला कामगार विकत घेण्याच्या वयात, ऐपतीत, किंवा मनःस्थितीत नसतो. त्याला पुढच्या महिन्यात आत संडास असलेली खोली हवी असते. तीही अशा मालकाची, जो अकरा महिन्यांनी "भाचा येतोय राहायला" म्हणणार नाही.

करता येणार नाही असं यात काही नाही. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्या चार भागांतला एक भाग भाड्याच्या घरांचाच आहे. न विकली गेलेली सरकारी घरं महापालिकेने किंवा म्हाडाने ताब्यात ठेवून, तळमजल्याची किंवा लिफ्टपर्यंत उतार असलेली, उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्याइतक्या भाड्याने द्यावीत. पेन्शनमध्ये भाड्याचा वेगळा भाग असावा आणि तो शहरागणिक बदलावा. सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना घरभाडं भत्ता शहराचा वर्ग बघूनच देतं, तेव्हा ही कल्पना मंत्रालयाला नवी नाही. उत्पन्नाची मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी करा. आणि मालकाने करार नोंदवावा यासाठी त्याला भीती दाखवण्यापेक्षा काहीतरी द्या: दिव्यांग भाडेकरूचा करार असेल तर नोंदणीचा खर्च महापालिकेचा, मिळकत करात सूट. संडासाचं दार रुंद करायला हजार-दोन हजारांचं गवंडीकाम लागतं, तेही द्या. तो मालक हिशेबी आहे, तो हो म्हणेल. मी त्याच्याशी बोललोय.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला खरा वाटत नाही, निदान या महापालिकेच्या हद्दीत. इथून मोटारीने अर्ध्या तासावर, खडकीला, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून. तिथे उतार आहेत, दारं रुंद आहेत, माणसं व्हीलचेअरवरून खेळायला जातात. देशाने त्या माणसांचं देणं मानलं, म्हणून ती जागा आहे. कारखान्याच्या छपरावरून पडलेल्या माणसाचं देणं कुणी मानलेलं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, सक्तीचे करा, तीन महिन्यांत. तो निकाल आल्यावर मी उत्साहाने तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की पाच पायऱ्यांच्या बाजूने उतार करू या का. चौदा थम्ब्स-अप आले. मग कुणीतरी विचारलं की उतारामुळे दोन टू-व्हीलरची पार्किंग जाईल, त्याचं काय. त्यावर एकशे सहा मेसेज झाले. विषय एजीएमला ठेवलाय.

सध्या दादा चिखलीत एका मेसच्या मागच्या खोलीत आहे. दिवाळीनंतर ती सोडायला सांगितली होती, मग संक्रांतीपर्यंत मुदत मिळाली, मग "बघा लवकर". गेल्या रविवारी आम्ही कुरुळीला एक खोली बघितली. खरोखरचा तळमजला, मागे लिंबाचं झाड, आत संडास. दार सव्वीस इंच. मी टेप दोनदा लावली. मालक साठीचे, दादाकडे बघून म्हणाले, "पोरा, कुठं पडलास?" दादाने कंपनीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ती जमीन आमची होती."

भाडं साडेपाच हजार. कमोड बसवून घ्यायला त्यांची हरकत नाही, खर्च आमचा. उंबरा ते स्वतः काढून देणार आहेत. करार मात्र नाही. आणि खोली नदीच्या पलीकडे आहे, म्हणजे महापालिकेचे पैसे बंद. वहिनींना कॅन्टीनला जायला दोन बस बदलाव्या लागतील, पहिली पावणेपाचला, आणि त्या वेळी पहिली बस येते का ते अजून कळलेलं नाही. वहिनी नको म्हणतायत. दादा म्हणतो घेऊन टाकू, निदान संडासला तरी कुणाला हाक मारायला नको. शनिवारपर्यंत टोकन द्यायचंय.